कूळ, मूळ आणि सायकल

मराठी माणसाची ओळख दोन प्रश्नांत होते. पहिला प्रश्न, "तुम्ही कुठले?" याचं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचं समाधान व्हायला हवं, पण होत नाही. रेल्वेच्या बाकावर तो जरा पुढे सरकतो, आवाज किंचित खाली आणतो आणि विचारतो, "तसं नाही हो, मूळचे कुठले?" या 'तसं नाही'मध्येच सगळी मेख आहे. आपण बिचारे 'परभणीचे' म्हणून सांगून मोकळे झालेलो असतो. मग आपण आजोबांचं गाव सांगतो, पणजोबांचं सांगतो आणि शेवटी थकून आडनाव सांगतो. आडनाव ऐकलं की तो "हां!" म्हणून पाठ टेकवतो. गाडी अजून पूर्णेलाही पोचलेली नसते, पण त्याचं स्टेशन आलेलं असतं.

वास्तविक नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं पूर्वजांनी बजावून ठेवलं आहे. पण पूर्वजांनी यादी फारच अपुरी केली. नदी आणि ऋषी एवढे दोघेच वगळले. तेव्हा बाकी सगळ्यांचं मूळ खणून काढायला हरकत नाही, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली. सायकलीबद्दल तर ते काहीच बोलून गेले नाहीत. त्यांच्याकडे नव्हती.

आमच्याकडे होती. म्हणजे आहे. 'होती' म्हणावं की 'आहे', हाच खरा वादाचा मुद्दा आहे.

परभणीच्या आमच्या घरी, न्हाणीघरामागच्या पत्र्याखाली, एक सायकल कित्येक वर्षं भिंतीला टेकून उभी होती. तिला चाकं नव्हती, सीट नव्हती, घंटी नव्हती, ब्रेक नव्हते. उरली होती फक्त फ्रेम, पुढचा चिमटा आणि पायडल गमावलेलं चेनव्हील. तिच्यावर कारल्याचा वेल चढत असे आणि वाहन म्हणून नसली तरी मांडव म्हणून तिची सेवा चालू होती. आमचे वडील अण्णा मात्र तिला नुसती 'सायकल' म्हणत नसत. "आबांची रॅले," असं म्हणत, आणि पाठोपाठ, "विलायती आहे. निजामाच्या राज्यातली." आबा म्हणजे आमचे आजोबा.

आमच्या घरात विलायती वस्तू दोनच. एक ही सायकल आणि दुसरी अंगणातली विलायती चिंच. आता विलायती चिंच ही चिंच नव्हे आणि विलायतेची तर मुळीच नव्हे. तिचं माहेर मेक्सिकोकडचं. पण आपल्याकडे 'विलायती' हा शब्द वस्तू कुठून आली ते सांगण्यासाठी नसतोच. तिच्याकडे किती आदराने बघायचं, हे सांगण्यासाठी असतो.

तर ही सायकल आदराच्या बळावर अशीच उभी राहिली असती. पण हल्ली जुन्या सायकलींना चांगले दिवस आले आहेत. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली कर्वेनगरात सायकलींचं संग्रहालयच उघडलं. लोक तिकडे सायकली बघायला जातात, आणि जातात अर्थात मोटारीने. शिवाय स्वतःपुरता घरात संग्रह करणारे शौकीनही बरेच निघाले. अशाच पुण्याच्या एका गृहस्थांना कुणाकडून तरी आमच्या कारल्याच्या मांडवाची बातमी लागली. त्यांचा फोन आला. "विलायतची असेल तर मी अमुक देईन," असं म्हणून त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून मी दोनदा 'काय?' म्हटलं. "आणि इथली असेल तर?" असं विचारल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात मांडवाचे बांबूसुद्धा आले नसते.

फ्रेम तीच. लोखंड तेच. गंज तोच. फक्त जन्मगाव बदललं की किंमत बदलते, हे ऐकून मला ती सायकल एकदम माणसासारखी वाटू लागली.

मूळ शोधायचं ठरलं. मी वेल बाजूला केला आणि फ्रेम आमच्या जुन्या मिस्त्रींच्या दुकानात नेली. चाचांचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप, एक पाण्याची पाटी आणि छर्ऱ्यांनी भरलेले बरेचसे डबे. चाचांनी फ्रेम उलटी केली, सुलटी केली, तळहाताने एकदा पुसली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कहाँ की है ये?"

म्हटलं, "चाचा, तेच तुम्हाला विचारायला आलो."

सायकलीचं कूळ शोधण्याचं एक शास्त्र आहे, हे मला तेव्हा कळलं. पहिला पुरावा छातीवरचा बिल्ला. हँडलखालच्या नळीवर कंपनीचा पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला असतो. आमच्या फ्रेमचा बिल्ला कधीच गळून पडला होता आणि मागे दोन भोकं उरली होती. पण जाणकाराला भोकंही बोलतात. ती एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी, आणि दोहोंत अंतर किती, यावरून कुठला बिल्ला तिथे बसला असेल आणि कुठला बसूच शकत नाही, हे ताडता येतं. नसलेल्या वस्तूने साक्ष द्यावी, असा हा प्रकार.

दुसरा पुरावा चेनव्हील. जुन्या कंपन्या आपलं नाव तिथे कोरून ठेवत. बी. एस. ए.ची अक्षरं चेनव्हीलातच कापलेली असत. बी. एस. ए. म्हणजे १८६१ साली बर्मिंगहॅमला निघालेली बंदुकांची कंपनी. पुढे सायकली करू लागली, पण बिल्ल्यावरच्या तीन बंदुका तिने सोडल्या नाहीत. रॅलेच्या चेनव्हीलात बगळ्यांची डोकी असतात. आमच्या चेनव्हीलावरचं काळं वंगण चाचांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, आणि आतून लांब चोचीचे बगळे बाहेर आले. मला एकदम अण्णांचा अभिमान वाटला.

चाचांना काहीच वाटलं नाही. "चेनव्हील रॅले का है," ते म्हणाले, "फ्रेम का अभी मालूम नै."

तिसरा पुरावा नंबर. सीटच्या नळीपाशी किंवा पायडलच्या आसाखालच्या नळीवर तो ठोकलेला असतो. आमचा होता, पण पहिले दोन आकडे आणि शेवटचा एक, एवढंच दिसत होतं. मधले गंजाने खाल्ले होते. चाचांनी पॉलिशपेपर घेतला आणि हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. आकडे निघाले नाहीत, रंग निघाले. वर पोपटी ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली मरून आणि तळाशी काळा. एका देहाचे चार जन्म.

चौथा पुरावा मात्र खोटं बोलत नाही. पायडलचा आस ज्या नळीत फिरतो, तिला दोन्ही बाजूंनी आटे असतात आणि त्यात छर्ऱ्यांच्या वाट्या बसतात. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना या आट्यांचं प्रमाण इंचाला चोवीस. पण नॉटिंगहॅमच्या रॅलेचा रुबाब वेगळा. तिने आपले आटे इंचाला सव्वीस ठेवले. त्यामुळे साधी वाटी रॅलेच्या नळीत जेमतेम एखादा फेरा फिरते आणि अडते. चाचांनी डब्यातून साधी चोवीस आट्यांची वाटी काढली, तेलाचा थेंब सोडला आणि नळीला लावली. वाटी फिरली. पुन्हा फिरली. लोण्यात बोट जावं तशी शेवटपर्यंत गेली.

"विलायत की रॅले नै है," चाचा म्हणाले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर बघायला वळले.

मग ही आहे तरी कोण? बर्मिंगहॅमची हर्क्युलिस? हर्क्युलिस १९१० साली तिथे सुरू झाली खरी, पण १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स निघाल्यावर हर्क्युलिस तमिळ झाली. की सोनीपतची अ‍ॅटलस, १९५१ मधली? की मुंबईत वरळीला होणारी हिंद? की लुधियानाची हीरो? हीरो तर गावोगावच्या दूधवाल्यांची, पोस्टमनची, अगदी आपली देशी सायकल. १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून तिचं नाव गिनेस बुकात गेलं. पण ती काढणारे मुंजाल बंधू मूळचे कमालियाचे. ते गाव आज पाकिस्तानात आहे. आणि जिच्या कुळासाठी एवढा खटाटोप, ती रॅले तरी काय? फ्रँक बाउडन यांनी १८८७ साली जो छोटा कारखाना हाती घेतला, तो नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर होता, म्हणून रॅले. म्हणजे हे घराण्याचं नाव नव्हे, गल्लीचं. हाच कारखाना परभणीत असता तर जगभर 'स्टेशन रोड' नावाच्या सायकली फिरल्या असत्या. पुढे या रॅलेनेच आसनसोलला सेन-रॅले नावाची शाखा रुजवली, आणि आज नॉटिंगहॅमला रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर विद्यापीठाचा परिसर उभा आहे.

थोडक्यात, मूळ शोधायला निघालेल्या माणसाला मूळ सापडत नाही. मुळाची मुळं सापडतात. आणखी मागे गेलो तर सगळ्याच सायकली जर्मनीच्या. कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली मानहाइममध्ये दोन चाकांची, बिनपायडलची लाकडी गाडी पायांनी ढकलत नेली. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमच्याकडची म्हण. तिचं मूळ सांगणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकाचं मूळ निराळं असतं. पण निदान सायकलीपुरता तिचा अर्थ मला लागला.

आता प्रश्न असा, की चेनव्हील एका सायकलीचं, फ्रेम दुसरीची, चिमटा बहुधा तिसरीचा आणि रंग चौथ्या हातचा, तर 'आबांची सायकल' नेमकी कशाला म्हणायचं? हा प्रश्न फार थोरामोठ्यांना पडून गेलेला आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला: एकेक कुजलेली फळी बदलत गेलं, तर जहाज तेच राहतं का? आपल्याकडे भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथावरून पेचात धरलं. रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला, की सगळं मिळून व्यवहारासाठी ठेवलेलं ते एक नाव आहे. मराठवाड्याला हा संवाद परका नाही. त्या वेळच्या औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी १९५० साली जे महाविद्यालय काढलं, त्याचं पुढे नाव झालं मिलिंद आणि परिसराचं नागसेनवन. माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवणाऱ्या समाजात, 'अमुक म्हणजे नेमकं काय' असं विचारून राजाला निरुत्तर करणाऱ्या भिक्षूचं नाव तिथे दिलं गेलं, यात फार मोठा अर्थ आहे.

आणि आम्ही परभणीकरांनी सायकलीला कुठल्या तोंडाने मूळ विचारावं? अण्णा जन्मले निजामाच्या राज्यात. अलिफ-बे गिरवतच शाळेत बसले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते भारतातल्या हैदराबाद राज्याचे झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्याचे, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. घर तेच, न्हाणीघर तेच, राज्यं चार. फ्रेमवरचे रंगही चारच होते. गावांचीही तीच कथा. १९८१ साली परतूर आमच्यातून उठून जालन्याला गेलं आणि १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावर नामदेवांची नर्सी तिकडे गेली. जागची तसूभर हलली नाही, पण 'मूळची परभणी जिल्ह्यातली' झाली.

संतांनाही हा प्रश्न सोडत नाही. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांनी आमच्या पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान म्हणून शंभर कोटी रुपयांचा विकास जाहीर केला, आणि तिकडे शिर्डीने बंद पुकारला. दोन्हीकडची श्रद्धा खरी. एवढंच वाटलं, की ज्या फकिराने आपलं कूळ कुणाला सांगत बसण्यात वेळ घालवला नाही, त्याच्यानंतर शंभर वर्षांनी तो वेळ आपण सव्याज भरून काढला.

राहता राहिली नदी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचं मूळ पाहिलं तर ओंजळभर पाणी. गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, तीच नदी पात्र भरून वाहते तेव्हा तिच्यात दारणा आलेली असते, प्रवरा आलेली असते, सिंदफणा आलेली असते. यातलं ब्रह्मगिरीचं पाणी कुठलं ते वेगळं काढून दाखवा, असं म्हणणारा माणूस अजून भेटला नाही. आम्ही सगळ्यालाच गंगा म्हणतो आणि हात जोडतो. पूर्वजांनी मूळ शोधू नये म्हटलं ते नदीला लाज वाटेल म्हणून नव्हे. आपण ओंजळभर पाणी बघून सगळ्या नदीची किंमत ठरवू, या भीतीने.

असो. पुण्याचे गृहस्थ एके दिवशी स्वतः आले. सज्जन माणूस. चहा झाला आणि आम्ही चाचांच्या दुकानी गेलो. त्यांनी फ्रेम पाहिली, भोकं मोजली, आट्यांची हकिगत ऐकली, हळहळले. मग चाचांच्या हातातली सफाई बघून म्हणाले, "वा! तुम्ही इथलेच का?"

"हौ. यहींच के."

"तसं नाही, मूळचे कुठले?"

चाचांचे हात चालूच होते. "वालिद यहींच के. दादा यहींच के."

"आणि त्याच्या आधी?"

चाचांनी हातातली फ्रेम उलटी केली, गंजलेल्या नंबरावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "उसके पहिले का नंबर घिस गया, साब."

सगळे हसले. गृहस्थही मनापासून हसले. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पण माझं हसू सव्वीस आट्यांत गेलेल्या चोवीस आट्यांच्या वाटीसारखं एक फेरा फिरून अडलं. तीन पिढ्या ज्या माणसाने या गावाच्या चाकांत हवा भरली, त्याला 'परभणीचा' हे उत्तर पुरत नाही. त्याला अजून एक नंबर दाखवावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, की मूळ विचारूच नये का? तसंही नाही. चाचांनी स्वतः पहिल्या दिवशी तोच प्रश्न केला होता: "कहाँ की है ये?" आणि तो विचारणं भागच होतं. फ्रेम कुठली ते कळल्याशिवाय कुठली वाटी लावायची ते कळत नाही. न विचारता ठोकून बसवली तर आटे कायमचे जातात. वैद्यही आईवडिलांची दुखणी विचारतो, शिक्षकही मुलाला घरी कोणती भाषा बोलता म्हणून विचारतो. प्रश्न तोच. एक जण पुढे काय करायचं ते ठरवण्यासाठी विचारतो, दुसरा किती मोजायचे ते ठरवण्यासाठी. ज्याच्या हातात पाना आहे त्याने मूळ खुशाल विचारावं. ज्याच्या हातात नुसता तराजू आहे, त्याने जरा दमाने घ्यावं. रेल्वेच्या बाकावर आडनाव ऐकून पाठ टेकवणाऱ्याच्या हातात पाना असलेला मी अजून पाहिलेला नाही.

अण्णांना काय सांगायचं, हा पेच उरला होता. नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला, तुमची विलायती रॅले विलायतीही नाही आणि रॅलेही नाही, हे सांगावं का? सत्य बोलावं, प्रिय बोलावं, हे ऐकायला ठीक आहे; पण दोन्ही एकाच वेळी हजर नसतील तर कुणाची वाट बघायची, ते कुणी सांगत नाही. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. अण्णांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे की," ते म्हणाले. "आबांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. बिल्ला तेव्हाही नव्हता. दुकानदार रॅले म्हणाला, आबा रॅले म्हणाले."

"मग तुम्ही इतकी वर्षं विलायती का म्हणत आलात?"

"अरे, आबा खेड्यावरचे मास्तर. उन्हाळ्यात सायकल त्यांना न्यायची. पावसाळ्यात ह्या काळ्या मातीत चिमटा भरून चाकच फिरायचं नाही, तेव्हा ते सायकलीला खांद्यावर घेऊन शाळेत जायचे. एक दिवस शाळा चुकवली नाही. अशा सायकलीला काय गावठी म्हणू?"

मला एकदम 'कूळ' या शब्दाचा दुसरा अर्थ आठवला. आपल्या भाषेत कूळ म्हणजे घराणं, आणि कूळ म्हणजे जमीन कसणाराही. हैदराबाद राज्यात १९५० साली कूळवहिवाटीचा कायदा झाला, तेव्हा जमीन कुणाच्या नावावर आहे एवढंच न बघता ती कसतो कोण, हेही बघायला सुरुवात झाली. सायकलीलाही हाच कायदा लावला पाहिजे. तिचं कूळ नॉटिंगहॅमला नव्हे. तिला काळ्या मातीतून खांद्यावर नेणारे आबा, तिच्यावर नोकरीला जाणारे अण्णा आणि तिचे छर्रे बदलणारे चाचा, हे तिचं कूळ.

गृहस्थ रिकाम्या हाताने गेले नाहीत. फ्रेम त्यांना नको होती, पण चेनव्हीलावरचे बगळे अस्सल होते. "एवढंच द्या," ते म्हणाले, आणि पैसे चोख मोजले. त्या पैशांत चाचांनी दोन चाकं, सीट, ब्रेक, घंटी आणि लुधियानाचं साधं चेनव्हील बसवून सायकल उभी केली. अण्णांनी अंगणात तिची घंटी दोनदा वाजवून पाहिली. आता पुतण्या तिच्यावरून शिकवणीला जातो, आणि कारल्याला आम्ही बांबू आणले.

मूळ पुण्याला गेलं, कूळ परभणीतच राहिलं. हवा टिकते आहे.